चिमटा लावला, पण लागला का?

आमच्या सासूबाईंना हळू बोलता येत नाही. त्यात त्यांचा काही दोष नाही म्हणा. उभा जन्म शिवणाच्या कारखान्यात गेला, चारी बाजूंनी मशिनांचा खडखडाट, शेजारणीकडे दोरा मागायचा तरी बोंबलावं लागायचं. पुढे कारखाना बंद पडला आणि तो आवाज घरी आला. दोन खोल्यांचं आमचं घर. मी दिवसभर औषधांच्या दुकानात उभी राहून येणार, डोकं आधीच उठलेलं, आणि जिन्यातच ऐकू येणार, "आलीस का गं? टॉवेल असा कुणी वाळत घातला?" टॉवेल मीच घातलेला असायचा आणि हे त्यांनाही ठाऊक असायचं.

त्या पुन्हा कामाला लागाव्यात म्हणून सगळ्यांत जास्त देव मीच पाण्यात घातले होते, उघडच सांगते. एका म्यानात दोन तलवारी राहणार कशा? तेवढ्यात शेजारणीने बातमी आणली की रंगाच्या कारखान्यात मिक्सिंगला बायका घेताहेत, शिक्षणाची अट नाही, फक्त एक ऑनलाइन कोर्स पुरा करायचा. सासूबाई दुसऱ्याच दिवशी जाऊन उभ्या राहिल्या. सुपरवायझर म्हणाला, "मावशी, जरा वयाकडे बघा." ह्या म्हणाल्या, "कुणाच्या? तुमच्या?" घेतलं त्यांना, पण तात्पुरतं. अट साफ होती. ह्याच तुकडीत कोर्स पास झाला तर मिक्सिंगमध्ये कायम. नाही झाला तर ती जागा लगेच दुसऱ्याला, आणि ह्यांनी हवं तर डब्यांना लेबलं चिकटवायला यायचं.

"लेबलं तर लेबलं," मी म्हटलं, "बसून काम आहे, गुडघ्यांना बरं."

त्या अशा भडकल्या म्हणता! "अगं, इतकी वर्षं कॉलरी शिवल्या मी. नुसत्या कॉलरी. बाह्या दुसरीच्या, काजं तिसरीची. अख्खा शर्ट एकदासुद्धा माझ्या हातून झाला नाही. इथे भुकटी टाकण्यापासून डबा भरेपर्यंत सगळं एका माणसाने करायचं असतं. मला रंग करायचाय, बये. त्याच्यावर कागद डकवायचा नाही."

सासूबाईंनाही काही हवं असू शकतं, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. दुसऱ्यांनी काय करू नये तेवढंच त्या आजवर सांगत आल्या होत्या.

कोर्स संध्याकाळचा असायचा. स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझा जुना लॅपटॉप, त्याच्या मागे डब्यांची फळी, आणि समोर सासूबाई, कामावरचा अंगरखा घालून. घरात बसून कशाला, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "शाळेत पोशाख नको?" शिकवणारे सर कुठेतरी लांब बसलेले, आम्हाला फक्त कॉलरीपर्यंत दिसायचे. बाकी सगळे निरनिराळ्या रंगाच्या कारखान्यांतले नवखे, आपापल्या छोट्या खिडकीत. कुणी आधी बेकरीत होता, कुणी टपाल वाटत होता. एक होते ड्रायव्हरभाऊ. जन्मभर ट्रक चालवला, गुडघा गेला आणि रंगात आले. तेही सासूबाईंच्याच वयाचे आणि तितकेच वाचाळ. दोघांचं पहिल्या दिवसापासून जमलं. सर यायच्या आधी ते विचारायचे, "काय मोठ्या बाई, आज गियर पडतोय का?" आणि ह्या म्हणायच्या, "माझा पडतो, तुमचं ब्रेकचं बघा." तेव्हापासून सगळी तुकडी त्यांना मोठ्या बाईच म्हणायला लागली.

शिकल्या मात्र जीव तोडून. कणीक मळताना मला धडे द्यायच्या. भुकटी रंग देते, रेझिन ती धरून ठेवतं, आणि थिनर सगळं पातळ करून शेवटी उडून जातं. "घरातल्यासारखंच आहे," त्या म्हणाल्या. "एक नुसतं दिसतं, एक धरून ठेवतं आणि एक आपलं उडून जातं शिफ्टला." शेवटचा टोला त्यांच्या मुलाला, म्हणजे आमच्या ह्यांना होता. हे बिचारे तेव्हा घरी नव्हतेच. नुसतं दिसणारी कोण, ते मी विचारलं नाही.

पण जिभेला लगाम कुठला! भर वर्गात दूध उतू गेलं आणि ह्या माइक चालू असताना ओरडल्या, "अगं गॅस! कुठे तोंड वर करून बघतेस!" तुकडीतल्या सगळ्यांनी आपापल्या गॅसकडे पाहिलं म्हणे. सरांनी पहिली ताकीद दिली. मग एकदा तोंडी परीक्षा चालू होती. ड्रायव्हरभाऊ उत्तराला अडखळले, तर ह्यांनी इकडून ठणकावून सांगून टाकलं. उत्तर बरोबर होतं, पण परीक्षा त्यांची होती. दुसरी ताकीद. सर शांत माणूस, आवाज चढवायचे नाहीत, त्यामुळे जास्तच भीती वाटायची. "मोठ्या बाई, तिसऱ्यांदा मधे बोललात तर कोर्समधून नाव काढावं लागेल. मला आवडणार नाही, पण नियम तोच आहे." त्या दिवसापासून सरांनी सगळ्यांचेच आवाज आपल्याकडून बंद करून ठेवले. ज्याचं नाव घेतील त्याचाच आवाज उघडायचा. इतरांनी माइकच्या खुणेवर कितीही बोटं दाबली तरी उपयोग शून्य.

"बरंच झालं," मी म्हटलं. "आता तुमच्या नोकरीला तुमच्यापासून धोका नाही." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून भांडी घासायला घेतली.

परीक्षेच्या थोडं आधी एक दिवस त्या कामावरून आल्या त्या तोंड पाडूनच. चहा घेतला नाही. टॉवेलवरून बोलल्या नाहीत. मला काळजीच वाटली. मग हळूहळू सांगितलं. थिनर पिंपातून लोखंडी बादलीत ओततात. ओतताना, नुसत्या धारेच्या घर्षणाने त्यात वीज साठते. थंडीत स्वेटर काढताना चटचट होतं ना, तसलीच ठिणगी पडू शकते. आपल्या अंगावर पडली तर केस उभे राहतात, थिनरच्या वाफेवर पडली तर भडका. म्हणून एक तार असते, तिच्या टोकांना चिमटे. एक पिंपाला, एक बादलीला, आणि तिसरं टोक जमिनीतल्या पट्टीला. साठलेली वीज गुपचूप जमिनीत जाते.

"मग? तुम्ही चिमटा लावला नाही?"

"लावला होता! सुपरवायझरने विचारलं, चिमटा लावला? मी म्हटलं, लावला. तो म्हणाला, लागला का? मी म्हटलं, लावलाय म्हणजे लागलाच की! त्यावर त्याने दिवा लावून दाखवला." त्याच्याकडे एक तपासायचा छोटा दिवा होता, जोड नीट असला तर पेटणारा. तो पेटलाच नाही. बादलीच्या काठावर वाळलेल्या रंगाचे थर होते, थरावर थर, आणि चिमटा त्यांच्यावर बसला होता. रंगातून वीज जात नाही. चिमट्याचे दात लोखंडाला टेकलेच नव्हते. "सगळ्या जगात हा घोळ फक्त रंगवाल्यांचाच होतो, म्हणतो. दुसऱ्यांच्या बादल्या मळतात, आपल्या रंगतात. मावशी, लावणं तुमच्या हातात आहे, लागणं लोखंडाच्या. आधी खरवडा, मग लावा. सगळ्यांसमोर बोलला गं."

मग त्यांनी आमच्या बादलीला कपड्यांचा चिमटा लावून मला पुन्हा सगळं समजावलं. त्या आठवड्यात मी दाराला कडी लावली तरी आतून आवाज यायचा, "लावलीस, पण लागली का?" वीट आणला नुसता!

शेवटची परीक्षा हातकामाची होती. ती आपापल्या कारखान्यात द्यायची, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, मशिनं बंद असताना. सर फोनच्या कॅमेऱ्यातून बघणार. हात कामात गुंतलेले, म्हणून फोन धरायला एक माणूस बरोबर आणायचं. आमचे हे शिफ्टला. राहिलं कोण? मी. फोनही माझाच, नवा कोरा. सूचना आधी आल्या होत्या आणि सासूबाईंनी त्या माझ्याकडून इतक्यांदा वाचून घेतल्या की मला पाठ झाल्या. फोन धरणाऱ्याने बोलायचं नाही. परीक्षेत दुसरा फोन वापरायचा नाही. फोन पिवळ्या पट्ट्याच्या बाहेर ठेवायचा. दोन्ही चिमटे कॅमेऱ्यात स्पष्ट दिसले पाहिजेत. आणि शेवटी जाड अक्षरांत, सुरक्षेत चूक म्हणजे थेट नापास.

शेड लांबलचक, वरून पत्रा, दोन्ही तोंडं उघडी. वास असा की डोळ्यांत पाणी यावं. मधोमध बंद मिक्सर, त्यांच्या दांड्यांना रंगाच्या गाठी. एका कडेला जमिनीवर पिवळा पट्टा आखलेला, त्याच्या आत घोडीवर आडवं ठेवलेलं थिनरचं पिंप, त्याला नळ, नळाखाली बादली. सुपरवायझर किल्ल्या देऊन फाटकापाशी जाऊन बसला होता. मदत करायची त्याला मनाई होती.

सासूबाईंनी खरवडायच्या पट्टीने बादलीचा मागचा काठ घासला, चकचकीत लोखंड काढलं, आणि चिमटा लावला. मी पट्ट्याबाहेरून फोनमध्ये पाहिलं.

"आई, चिमटा दिसत नाहीये. मागे गेला."

त्यांनी बादली फिरवून पाहिली, तर कडी मधे यायला लागली. मग चिमटाच काढला आणि पुढच्या काठाला लावला. "आता?"

"पुसट दिसतोय."

"अगं मग पुढे ये ना! आत ये, इथे. पुसट दिसला म्हणून नापास व्हायचंय का मला?" आणि माझा दंड धरून त्यांनी मला पट्ट्याच्या आत ओढलं, थेट बादलीपाशी. मीही गेले. हवं होतं ना मला पण, त्या पास व्हायला.

आमच्या आधी ड्रायव्हरभाऊंचा नंबर होता. सरांनी त्यांची खिडकी मोठी केली, बाकीचे सगळे वर बारक्या ओळीत. त्यांचा फोन त्यांच्या बायकोने धरला होता. ती दिसत नव्हती. सासूबाई माझ्या खांद्यावरून बघत होत्या.

"हातमोजे?" सरांनी विचारलं.

"घातले, सर."

"चष्मा?"

"आहे, सर."

"चिमटे लावले?"

"लावले, सर. हे बघा, एक पिंपाला, एक बादलीला." ड्रायव्हरभाऊंनी बायकोला जवळ बोलावलं. चित्र पुढे सरकलं. बादली, तिचा पुढचा काठ, आणि काठावर निळ्या रंगाची बोटभर जाड साय. रोज त्याच बाजूने ओतत असणार, रोज तिथेच ओघळ वाळत असणार. चिमटा त्या निळ्या सायीवर ऐटीत बसलेला.

माझ्या खांद्यावर सासूबाईंची बोटं रुतली. "लागला नाही," त्या पुटपुटल्या. आणि मग त्यांच्या खऱ्या आवाजात, "अहो लागला नाही तो! ड्रायव्हरभाऊ! नळ उघडू नका!"

सगळी शेड दणाणली. फाटकापाशी सुपरवायझर उठून उभा राहिला. फोनमध्ये मात्र कुणालाच काही ऐकू गेलं नाही. आमचा आवाज बंद होता.

"आई, तिसरी ताकीद!" मी ओरडले. आधी हेच तोंडातून आलं, काय करू.

"खड्ड्यात गेली ताकीद! चालू कर तो माइक!"

मी खुणेवर बोट दाबलं. 'आवाज आयोजकाने बंद ठेवला आहे.' पुन्हा दाबलं. तेच. हात वर करायची खूण दाबली, तर तिथे आधीच तिघाचौघांचे हात वर होते, पुढचे नंबर ज्यांचे त्यांचे. लिहायची जागा परीक्षेसाठी बंद. सासूबाई कॅमेऱ्यापुढे जाऊन दोन्ही हात हलवायला लागल्या. वरच्या ओळीतल्या आमच्या नखाएवढ्या खिडकीत एक बाई हातवारे करत होती. सरांच्या दृष्टीने मोठ्या बाई रोजच हातवारे करायच्या.

"ठीक," सर म्हणाले. "नळ हळूच उघडायचा, धार बादलीच्या कडेने."

ड्रायव्हरभाऊ वाकले. गुडघा दुखत असणार, एक हात मांडीवर टेकवून ते सावकाश खाली बसले. बायकोने फोन आणखी जवळ नेला. मी फोनवर ओरडतेय, सासूबाई ओरडताहेत, आणि ते दोघं नवरा-बायको आमच्या डोळ्यांदेखत त्या बादलीवर ओणवे झालेत.

सासूबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. बाजूच्या स्टुलावर परीक्षेच्या पुढच्या भागासाठी तांबड्या रंगाचा डबा उघडून ठेवला होता. त्यांनी त्यात मोज्यासकट अख्खा पंजा बुडवला आणि माझ्या फोनच्या पाठीवर, कॅमेऱ्यावर, फाडकन मारला.

"माझा फोन!" मी किंचाळले.

वरच्या ओळीतली आमची खिडकी लालभडक झाली. सगळ्या करड्या खिडक्यांत एकच, रक्तासारखी. सरांचे डोळे वर गेले. "थांबा," ते म्हणाले. मग पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "सगळे थांबा! नळाला हात लावू नका! मोठ्या बाई, काय झालं? कुणाला लागलं का?"

आणि आमचा आवाज उघडला.

"लागलं नाही, लागलाच नाही!" सासूबाईंचा श्वास फुलला होता, शब्दांवर शब्द पडत होते. "चिमटा, सर! त्यांच्या बादलीचा. खाली वाळका रंग आहे. लोखंडाला लागलेला नाही. खरवडायला सांगा त्यांना!"

ड्रायव्हरभाऊंनी नळावरचा हात काढून छातीशी धरला होता. मग त्यांनी चिमटा उपटला आणि त्याच्याच दातांनी तिथे ओरखडलं. निळं निघालं. आणखी ओरखडलं, त्याखाली पिवळं. त्याखाली पुन्हा निळं.

"रंगच आहे, सर," ते म्हणाले. "लोखंड लागतच नाहीये."

फोन धरणाऱ्या त्यांच्या बायकोचा आवाज आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "अहो, तुम्ही उठा आधी तिथून. उठा म्हणते ना!" ती रडत होती आणि रागावतही होती, आणि चित्रात नुसतं छपराचं पत्र्याचं पाखं दिसत होतं.

मी पदराने माझ्या फोनचा कॅमेरा पुसत होते. सुटका झाल्यासारखं हसूच फुटत होतं मला. पास-नापास बाजूला राहू दे, माणूस वाचला. मी मान वर केली, म्हटलं आता सासूबाईंना घट्ट मिठीच मारावी, तर त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या आमच्या बादलीकडे बघत होत्या. पुढच्या काठाकडे. तिथे हिरव्या रंगाचा जाडजूड थर होता आणि त्यावर आमचा चिमटा.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात, ते असं. मागचा काठ खरवडून चकचकीत केला होता बाईंनी, माझ्यासमोर. आणि कॅमेऱ्यात दिसावा म्हणून चिमटा उचलून पुढे आणला, जिथे ओघळ वाळतात तिथे. पट्टी पुन्हा हातात घ्यायचं त्यांना सुचलं नाही आणि मला तर कळतच नव्हतं.

कॅमेरा अजून लाल होता. सरांना आमच्याकडचं काही दिसत नव्हतं. पट्टी शेजारीच पडली होती. दोनचार हात मारले असते तर कुणाला कळलं असतं? मी डोळ्यांनी खुणावलं. ओठांवर बोट ठेवलं. पट्टी उचलून त्यांच्यापुढे धरली. ह्याच तुकडीत पास, नाहीतर लेबलं. त्यांना मी ह्याहून काय सांगणार? त्यांना माहीत नव्हतं थोडंच!

त्यांनी पट्टी घेतली नाही.

"सर," त्या म्हणाल्या, आणि जन्मात पहिल्यांदा मी त्यांना हळू बोलताना ऐकलं. "माझाही."

"काय तुमचाही?"

"चिमटा. रंगावरच आहे. मागे नीट लावला होता, दिसावा म्हणून पुढे आणला. आणि सूनही पट्ट्याच्या आत आहे. मीच आणलीय तिला."

सरांनी काय केलं कोण जाणे, एकेक करून सगळ्यांचे आवाज उघडले. "प्रत्येकाने आपला चिमटा काढून खाली बघा," ते म्हणाले. फोनमधून सगळीकडचे आवाज यायला लागले, कुठे भांडं घासल्याचा, कुठे कुणी खोकल्याचा. मग बेकरीवाला म्हणाला, "सर, माझाही." एक बाई म्हणाली, "माझाही, सर. मीपण पुढे आणला होता." मग टपालवाला. मग आणखी एक. आपापल्या गावी, आपापल्या शेडमध्ये, प्रत्येकाने कॅमेऱ्यासाठी चिमटा पुढे आणला होता, आणि प्रत्येकाच्या घरचं माणूस फोन धरून त्या बादलीला खेटून उभं होतं.

"दिसला पाहिजे ही सूचना माझी होती," सर शेवटी म्हणाले. त्यांनी चष्मा काढला होता. "ती आजच बदलतो. पण नळ उघडणारा हात तुमचा असतो. उद्या मी नसेन तिथे. ज्यांचे चिमटे रंगावर आहेत ते सगळे नापास. पुढच्या तुकडीत पुन्हा बसा."

"आणि माझी तिसरी ताकीद?" सासूबाईंनी विचारलं. मला वाटलं, बाई, आता तरी गप्प बसा!

"तुम्ही मधे बोललात कुठे? तुमचा आवाज बंद होता." सर हसले नाहीत. "आभारी आहे, मोठ्या बाई."

फोन बंद झाला. सुपरवायझर जवळ येऊन उभा होता, त्याने सगळं ऐकलं होतं. त्याने खिशातून दिवा काढला, आमच्या चिमट्याला लावून पाहिला. पेटला नाही. तो म्हणाला, "मावशी, मिक्सिंगची जागा मला धरून ठेवता येणार नाही. वरून माणूस ठरलंय. पुढची तुकडी येईपर्यंत लेबलं." वाईट वाटत होतं त्याला, पण ते बोलून तो फाटकाकडे निघून गेला.

मग माझा तोल गेला. "कशाला सांगितलंत? कुणी विचारलं होतं? सगळं माहीत असून हात दाखवून अवलक्षण! अख्खा रंग करायचा होता ना तुम्हाला? आता बसा कागद डकवत! त्या सरांना काय दिसत होतं? काळं कुत्रंसुद्धा बघत नव्हतं!"

सासूबाई उपड्या डब्यावर बसल्या. उजव्या हाताचा तांबडा मोजा तसाच.

"तू इथे उभी होतीस," त्या म्हणाल्या आणि माझ्या पायांखालची जागा दाखवली. "तुझा दंड धरून मी ओढलं तुला. ड्रायव्हरभाऊंचा नंबर आधी होता म्हणून वाचलीस. नाहीतर माझा आधी असता. मी नळ उघडला असता गं."

इतका वेळ मी त्या दुसऱ्या दोघांची बादली डोळ्यांपुढे ठेवून घाबरले होते. आमच्या बादलीपाशी मी उभी आहे हे माझ्या टाळक्यात शिरलंच नव्हतं.

"झालं नाही ना काही," मी म्हटलं. "चला, आई. घरी जाऊ."

त्या उठल्या, पण घरी जायला नाही. पट्टी माझ्या हातातून घेतली, बादली पट्ट्याबाहेर ओढली, दोन पायांत धरली आणि पुढचा काठ खरवडायला लागल्या. हिरव्याचे तुकडे उडून त्यांच्या अंगरख्यावर पडत होते.

"आता कशाला? नापास झालात तुम्ही. तुमची नाही आता ती बादली."

"माझी नाही," त्या खरवडता खरवडता म्हणाल्या. "म्हणूनच. उद्या सकाळी जी येईल तिला कुठे माहीत आहे?"